माहेरचे देव

नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार हे नक्की झाले, तेव्हा आईला जाऊन आठ महिने झाले होते. भांडी, कपाटे आणि पुस्तके यांची वाटणी भावाने आणि मी एका दुपारी उरकली. अडले ते देवघरापाशी. भाऊ घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या घरात राहतो. तिथे पूजा करणारे कोणी नाही, आणि हे तो मोकळेपणाने सांगतो. "देव तू घेऊन जा," तो म्हणाला, "तुझ्याकडे निदान रोजचं पाणी तरी मिळेल त्यांना." पलंगावर बसलेली आत्या मात्र हे ऐकून स्वस्थ राहिली नाही. "लेकीनं माहेरचे टाक न्यायचे नसतात," ती म्हणाली. "तिचं कुळ वेगळं, तिचे देव वेगळे. देव घराण्याचे असतात, माणसाचे नसतात."

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची आकृती. आमच्या देवघरात असे चार टाक आहेत: घोड्यावर बसलेले खंडोबा आणि म्हाळसा, तुळजाभवानी, जोतिबा, आणि एक वीर, म्हणजे घराण्यात अकाली गेलेला कोणी पूर्वज, ज्याचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही. त्या दुपारी मी ते दंतमंजनाने घासत बसले. घोड्याचा लगाम अजून स्पष्ट दिसतो, पायाशी धावणारा कुत्राही ओळखू येतो, परंतु खंडोबाच्या चेहऱ्यावर नाक उरलेले नाही. आजीची सासू, मग आजी, मग आई, अशा तिघींनी रोज बोटाने गंध लावून लावून ते झिजवले आहे. बोटात टाक धरून मी पाहत होते आणि एकाएकी लक्षात आले, की ज्या बोटांनी हा चेहरा झिजला त्यांपैकी एकही बोट या घराण्यात जन्मलेले नव्हते. तिघीही दुसऱ्या कुळांतून, दुसऱ्या देवांपासून उठून इथे आल्या होत्या.

आत्या सांगत होती ती रीत मी स्वतः पाळलेली आहे. आमचे मूळ गाव सासवडजवळचे, म्हणून आमचा देव जेजुरीचा खंडोबा. माझे लग्न कोकणातून येऊन ठाण्यात स्थिरावलेल्या घरात झाले, आणि एका सकाळी, होमाच्या धुराने चुरचुरणारे डोळे पुसता पुसता, माझे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर झाले आणि कुलस्वामिनी अंबेजोगाईची योगेश्वरी झाली. मला कोणी विचारले नाही आणि मलाही त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. आडनाव बदलले, रेशनकार्डावरचे नाव बदलले, तसे देवही बदलले. माणूस ज्या घरात आणि ज्या गावात जन्मतो त्यावरून त्याची श्रद्धा ठरते का, या प्रश्नावर मी पुढे बरेच वाचले. पण मला वाटते की आपल्याकडच्या बायका या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या जगत आल्या आहेत. देव पत्त्यावर अवलंबून असतो, आणि पत्ता बदलला की मनानेही मुकाट्याने नव्या देवाकडे वळावे, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते.

मन वळते का, हा खरा प्रश्न आहे. माहेरी आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांगे घरात येत नसे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की मगच वर्षातले पहिले वांगे पानात पडे. सासरी ही बंदी नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी भरली वांगी केली आणि मायेने दोन वांगी माझ्या पानात वाढली. वांगे खाल्ल्याने देव कोपतो असे मी मानत नव्हते. महाविद्यालयात विज्ञान शिकलेली मुलगी मी, तसे मानणे मला अडाणीपणाचे वाटे. तरीही पहिला घास घशाखाली उतरेना. डोक्याने जे केव्हाच सोडून दिले होते ते घशाने सोडलेले नव्हते. श्रद्धा म्हणजे मनात पटलेले एखादे विधान, एवढीच माझी तोवर समजूत होती. ती त्या दिवशी डळमळली.

पुढे तीस वर्षांत मी सासरच्या देवांचे सगळे केले, आणि मनापासून केले. घरी बोडण, म्हणजे देवीचा कुळाचार, असले की परातीभोवती बसून सवाष्णी आणि कुमारिका पुरण, दूध, दही, तूप, मध हाताने कालवू लागतात. सुरुवातीला हाताला बुळबुळीत लागणारे ते मिश्रण हळूहळू एकजीव होते, बोलणे थांबते, आणि त्या शांततेत काहीतरी आल्यासारखे वाटते. मला ते वाटलेले आहे, आणि ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण आई अतिदक्षता विभागात होती त्या शेवटच्या रात्री, बाहेरच्या बाकावर बसलेले असताना, आतून परिचारिका धावत येताना दिसली आणि माझ्या तोंडून निघाले ते "येळकोट येळकोट जय मल्हार". तीस वर्षे जिची ओटी भरली ती योगेश्वरी त्या क्षणी मला आठवली नाही. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांच्या खांद्यावर बसून, हळदीने पिवळ्या झालेल्या पायऱ्यांवर जे ऐकले होते, तेच वर आले.

म्हणून, श्रद्धा संस्कारातून घडते का असे मला कोणी विचारले, तर मी होय म्हणेन आणि या बाबतीत आढेवेढे घेणार नाही. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ज्या धर्मात वाढलो त्याच धर्मात आजही आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ९८ टक्के निघाले. शंभरातील अठ्ठ्याण्णव माणसांनी सगळ्या धर्मांचा अभ्यास केला आणि योगायोगाने प्रत्येकाला आपल्या आईवडिलांचाच धर्म खरा आढळला, असे तर कोणी म्हणणार नाही. नास्तिकतेलाही हेच लागू आहे. दक्षिण कोरियात २०१५ च्या जनगणनेत ५६ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले. तिथले सगळे एकाएकी तत्त्वज्ञ झाले असे नाही, तिथले वातावरण तसे आहे. माझा भाऊ पूजा करत नाही, तोही त्याच्या पिढीच्या आणि त्याच्या मित्रमंडळींच्या हवेत वाढला आहे.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हे समजण्यासाठी आकडेवारीची तशी गरज नसते. तलावपाळीवर संध्याकाळी फेरी मारावी. मासुंदा तलावाच्या एका अंगाला शिलाहारांच्या काळाशी नाते सांगणारे कोपीनेश्वराचे देऊळ आहे आणि जवळच सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च आहे. तिथून टेंभी नाक्याच्या बाजूला निघाले की पारशांची अग्यारी आणि बेने इस्रायली ज्यूंचे १८७९ सालचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, लागते. शआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचे द्वार, असे त्याचे नाव आहे. चालत अर्ध्या तासात हे सगळे होते. माझी शाळेतली जिवाभावाची मैत्रीण या सिनेगॉगला जाणाऱ्यांतली होती, आणि माझ्या या सगळ्या विचारांचे मूळ तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे.

आजी नऊवारी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत, आणि आमच्या आजीपेक्षाही ठसक्यात अलिबागकडची मराठी बोलत. शुक्रवारी सूर्य मावळण्याच्या सुमारास त्या दिवा लावत. आमच्याकडे शुभंकरोती सुरू व्हायची तीच वेळ. घरात काही चांगले घडले की मलिदा व्हायचा: गोड पोहे, ओले खोबरे, फळे, आणि त्या ताटासमोर एलियाहू हनवी या प्रेषिताचे नाव घेऊन हिब्रू प्रार्थना. जगातल्या इतर ज्यूंना हा पोह्यांचा मलिदा ठाऊक नाही. तो कोकणात जन्मला. अलिबागजवळ सागावला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, असे आजी सांगत आणि आम्ही दोघी ते सारख्याच विश्वासाने ऐकत असू. योम किप्पूर या ज्यूंच्या उपवासाच्या दिवसाला त्या 'दारफळणीचा सण' म्हणत, नववर्षाला 'नव्याचा सण'. इतकी मराठी नावे ऐकल्यावर तो धर्म परका आहे असे माझ्या बालमनाला कधी वाटलेच नाही.

बेने इस्रायली आपली कहाणी अशी सांगतात, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पोथ्या बुडाल्या. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी आडनावे पडली. ग्रंथ गेले, भाषा गेली, पोशाख बदलला, आणि शतकानुशतके उरल्या त्या शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. या कहाणीचा विचार करताना मी नेहमी दोन्ही बाजूंनी थबकते. जन्मभूमी माणसाचे किती काही बदलू शकते, हे त्यात दिसते; आणि आईवडिलांनी कानात सांगितलेली चार वाक्ये जन्मभूमीलाही किती काळ पुरून उरतात, हेही त्यातच दिसते.

१९४८ नंतर यांतले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. आपल्या धर्माच्या देशात पोहोचल्यावर मात्र तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका काढली, आणि विवाहाच्या प्रश्नावरून त्यांना लढा द्यावा लागला. १९६४ मध्ये तो मिटला आणि त्यांना पूर्ण ज्यू मानण्यात आले. कोकणात जे शनिवार पाळण्यामुळे वेगळे ठरले, ते तिथे कोकणी वळणामुळे वेगळे ठरले. माझी मैत्रीणही पुढे अश्दोदला गेली. आई गेली तेव्हा तिचा फोन आला. मी तिला अतिदक्षता विभागाबाहेरची गोष्ट सांगितली, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सायरन वाजला की जिना उतरताना माझ्या तोंडात शेमा असतो गं. पण पायऱ्या मी मराठीत मोजते."

माणूस कुठे जन्मला याबरोबर केव्हा जन्मला, हेही विचारले पाहिजे, आणि या अंगाचा विचार आपण फारसा करत नाही. माझा नौपाड्यातला पत्ता तोच ठेवून मी फक्त काळ बदलून पाहते. सोपारा हे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तिथे सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले आहेत, आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बौद्ध स्तूप उकरून काढला. त्या काळी या परिसरात जन्मले असते, तर कदाचित मी त्या स्तूपाला फुले वाहिली असती. पोर्तुगीज सत्तेच्या काळात जन्मले असते तर बहुधा माझा बाप्तिस्मा झाला असता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये वसई पडली. सत्ता गेली, पण तिने आणलेला धर्म घराघरांत राहिला, कारण तोवर तो आईच्या दुधाबरोबर मिळू लागला होता. त्या घरांतील लोक आपल्याला ईस्ट इंडियन म्हणवून घेतात, हे नाव त्यांनी १८८७ मध्ये धारण केले. त्यांच्या लग्नात वाजतगाजत जाऊन विहिरीचे पाणी आणतात, त्याला ते 'उंबराचं पाणी' म्हणतात. सत्ता बदलली, प्रार्थना बदलली, आणि उंबराचे पाणी तसेच राहिले.

याच ठाण्यात १३२१ मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे चार साधू मारले गेले. इटलीतील तोलेंतिनो, पादुआ आणि सिएना या गावांचे तिघे आणि चौथा आजच्या जॉर्जियातील तिफ्लिसचा. ते इथे आले तेव्हा नेस्तोरियन या पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या एका कुटुंबात उतरले होते, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी इथे ख्रिस्ती वस्ती होती. धर्माबद्दलच्या एका वादातून त्यांना काझीपुढे नेण्यात आले आणि त्यातून त्यांचा मृत्यू ओढवला. हे वाचल्यापासून तलावपाळीवर चालताना मला ते आठवतात. जाब विचारणारा आणि जाब देणारा या दोघांनाही आपापल्या सत्याबद्दल तिळभर शंका नव्हती. त्या काझीचा पाळणा पादुआत हलला असता आणि त्या साधूचा ठाण्यात, तर दोघे जागा बदलून तितक्याच खात्रीने उभे राहिले असते, असे मला वाटते, आणि या विचाराने मन फार खिन्न होते.

हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये लिहिले, की ज्या कारणांमुळे एखादा माणूस लंडनमध्ये तिथल्या चर्चचा अनुयायी होतो, त्याच कारणांमुळे तो पेकिंगमध्ये बौद्ध किंवा कन्फ्यूशियसपंथी झाला असता. मला त्याहून जवळचा वाटतो तो अल-गझाली. हा १०५८ मध्ये जन्मलेला मुस्लिम विचारवंत आपल्या आत्मकथनात सांगतो, की ख्रिस्त्यांची मुले ख्रिस्ती होतात, ज्यूंची ज्यू आणि मुसलमानांची मुसलमान, हे आपण तरुणपणीच पाहिले आणि परंपरेने मिळालेल्या श्रद्धेचे बंधन आपल्यापुरते सुटले. बगदादच्या मोठ्या विद्यापीठातले मानाचे अध्यापकपद त्याने १०९५ मध्ये सोडले आणि तो वर्षानुवर्षे भटकला. अखेर तो आपल्याच धर्मात राहिला, सूफी मार्गाने राहिला. पायाखालची जमीन उकरून पाहणारा माणूस घर सोडूनच जातो असे नाही, हे मला त्याच्याकडून कळले.

उकरून पाहिल्यावर काय हाती लागते, याबद्दल मात्र मला सावधपणे लिहायला हवे. एखादी गोष्ट मला लहानपणी शिकवली गेली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. सात आठे छप्पन हेही मला नौपाड्यातल्या शाळेत छडीच्या धाकाने शिकवले गेले, पण ते छप्पनच आहेत. श्रद्धेचे मूळ सापडले म्हणजे श्रद्धा निकालात निघाली, असे माझा भाऊ म्हणतो तेव्हा मी त्याला हेच सांगते. त्याचे उत्तरही बिनतोड असते: पाढे सगळ्या जगात सारखे आहेत, देव तसे नाहीत. पाढ्यात चूक झाली तर दुकानदार ती दाखवून देतो; मेल्यावर पुनर्जन्म आहे की कयामत, यातली चूक दाखवायला कोण येणार?

या दोघांच्या मध्ये मी बराच काळ अडकून होते. आता मला असे वाटते, की आपण ज्याला श्रद्धा म्हणतो ती एकजिनसी नाही. तिचा एक मोठा भाग मातृभाषेसारखा आहे. हात कसे जोडायचे, भीती वाटली की कोणाला हाक मारायची, दुःखात कोणती गोष्ट आठवायची, सणाला काय शिजवायचे, हे सगळे भाषेसारखे मिळते, आणि मराठी खरी की हिब्रू खरी असे जसे आपण विचारत नाही, तसे येळकोट खरा की शेमा खरा, हेही विचारता येत नाही. पण श्रद्धेत दावेही असतात: जग असे निर्माण झाले, मृत्यूनंतर असे होते, अमुक ग्रंथ देवाने सांगितला. या दाव्यांच्या बाबतीत, मी दुसरीकडे जन्मले असते तर याच्या उलट दावा याच खात्रीने केला असता, हे कळल्यावर खात्री पूर्वीइतकी राहू नये. तशी ती राहिली तर ती श्रद्धेपेक्षा माझ्या जन्मगावाचा अभिमानच जास्त असते. माझ्यापुरते सांगायचे तर पुनर्जन्मावर पूर्वी माझा विश्वास होता आणि आता त्याबद्दल मी गप्प राहते. चंपाषष्ठी मात्र मी सोडलेली नाही.

आणि या दोन भागांखाली एक तिसरा भागही असतो, जो मला माझ्या कार्यालयातील सहकारी मैत्रिणीने दाखवला, नाही तर मी हा लेख मातृभाषेच्या गोड उपमेवरच थांबवला असता. जन्माने देव मिळतो तशी जन्माने पायरीही मिळते. मला मिळालेली पायरी वरची होती, म्हणून जन्माने मिळालेल्या गोष्टींबद्दल मला ओलावा वाटणे सोपे आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. हा लेख ज्या प्रश्नावर आहे, त्या प्रश्नाला मराठी मातीत दिलेले याहून थेट उत्तर मला माहीत नाही. ते बोलल्यावर त्यांनी २१ वर्षे विचार केला, धर्म तपासले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. जन्मच सगळे ठरवतो असे म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मैत्रिणीचे आजोबा त्या वर्षी नागपूरला गेले होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देव एका टोपलीत भरले आणि नदीवर नेऊन सोडले. टोपलीत टाकही होते का, असे मी तिला विचारले. "असणारच," ती म्हणाली. "खंडोबाच होता आमचाही." आम्ही दोघी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बसलो होतो. ज्या देवाचे नाक माझ्या घरातील बायकांनी गंध लावून झिजवले, तोच देव तिच्या आजोबांनी पाण्यात सोडला होता, आणि दोन्ही कृतींमागे सारखेच मन होते, हे मला तेव्हा मान्य करावे लागले. तिने पुढे जे सांगितले त्यावर मी अजून विचार करते आहे. "आजोबांनी निवडलं," ती म्हणाली, "आईला अर्धं मिळालं, अर्धं तिनं निवडलं. मला मात्र आयतंच मिळालं. मी जन्मानं बौद्ध आहे, तू जन्मानं हिंदू आहेस तशी. मला आजोबांसारखं व्हायचं असेल तर मी काय करायचं?"

एका पिढीची निवड पुढच्या पिढीचा जन्म होते, ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे बहुधा ग्रीक वंशाच्या लोकांची, नावे दाते म्हणून कोरलेली आहेत; ते परदेशातून आले आणि त्यांनी इथला बौद्ध धम्म आपला मानला. त्याच चैत्याच्या दारात आज एकवीरा आहे, आणि ठाण्यातले, नवी मुंबईतले आगरी-कोळी चैत्रात पालख्या घेऊन तिच्याकडे जातात. त्या यवनांच्या नातवंडांना धम्म आयताच मिळाला असणार. एकवीरेचा पहिला भक्त कोणी तरी निवड करूनच तिथे चढून गेला असेल. महात्मा फुले यांच्या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाचे चित्र आहे: पत्नीने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे. मी ते चित्र पुष्कळदा डोळ्यांसमोर आणते आणि दर वेळी त्या घरातल्या पुढच्या बाळापाशी अडते. त्याला संध्याकाळी काय म्हणायला शिकवायचे, हे त्या चौघांना ठरवावे लागेल. काहीच न शिकवणे हेही एक शिकवणेच आहे. माझ्या भाच्याकडे पाहून मला ते कळते.

टाक अखेर माझ्याकडे आले. आत्याने त्या दुपारी होकार दिला नाही आणि नंतर नकारही दिला नाही. मी ते सासरच्या देवांशेजारी, वेगळ्या लाल वस्त्रावर ठेवले. चंपाषष्ठीला भावाला, त्याच्या कुटुंबाला आणि आत्याला जेवायला बोलावले. तळी भरायला पाच जण लागतात. ताम्हनात भंडारा, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे ठेवून भोवती माणसे बसली, तेव्हा भाऊ, भाचा, माझे यजमान आणि माझा मुलगा असे चारच हात झाले. रीतीप्रमाणे पाचवाही पुरुषच हवा होता. भाऊ शेजाऱ्यांना हाक मारायला उठू लागला, तेव्हा आत्याने त्याला हातानेच खाली बसवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू धर."

मी धरले. भाच्याला शब्द येत नव्हते, म्हणून त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहत पाहत ते म्हटले. तीनदा ताम्हन वर गेले. भंडारा उधळल्यावर त्याने टाक हातात घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. "आत्या, गंध कुठे लावायचं?" त्याने मला विचारले. "याला नाकच नाहीये." त्याचे बोट धरून मी ती जागा त्याला दाखवली.